मेडशीच्या चढावरचा हात

या सदराचा मी जुना वाचक आहे, पण हसणारा. कुणाच्या आत्याला वडाखाली बाई दिसली, कुणाच्या भावजीच्या गाडीत मागे कोणीतरी बसलं... मी वाचायचो आणि म्हणायचो, या लोकांना कामधंदा नाही.

मालेगावात माझं ठिबकच्या नळ्या आणि पाइपांचं दुकान आहे. मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, नाशिकचं नव्हे. दुकानाला मी लिंबू-मिरची बांधत नाही. अमावस्येला माल उतरवून घेतो, कारण त्या दिवशी हमाल रिकामे असतात. वय चोपन्न. स्वभाव तापट, हे मीच सांगतो म्हणजे कोणी सांगायला नको.

तर असा माणूस हे लिहितोय. घरात सांगून झालं, मित्रांना सांगून झालं. आता सांगायचाही कंटाळा आलाय. एकदा लिहून टाकावं आणि सुटावं, एवढंच.

आणि एक तक्रारही आहे. मी नळी विकतो तेव्हा जोड कुठे आहे, कुठे दाबली गेली आहे ते गिऱ्हाइकाला दाखवून विकतो. विकणाऱ्यानं वस्तूत काय आहे ते सांगितलं पाहिजे. मला सांगितलं गेलं नाही. निदान दीड महिना तरी मी असंच धरून बसलो होतो.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "चालता का?" मी म्हटलं, गुडघे दुखतात. "मग सायकल चालवा." मला हसू आलं. चौदा वर्षांचा होतो तेव्हापासून सायकलच चालवली मी. रिसोडजवळ आमच्या बाबांनी दुसऱ्याचा मळा करायला घेतला होता. तिथून मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, सायकलवर लादून बाजारात न्यायचो. ती सायकल सुटली त्या दिवशी मी पेढे वाटले होते. आता पुन्हा तीच.

पण घ्यायचीच तर चांगली घ्यावी, असं ठरवलं. अकोल्याच्या दुकानात नव्या रोड बाईकची किंमत ऐकली आणि दुकानदाराला म्हटलं, "याच्यात पेट्रोल टाकून देता का?" तो हसला नाही. मग मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघायला लागलो. त्यात मेडशीची एक दिसली. ॲल्युमिनियमची हलकी फ्रेम, पातळ टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं वाकलेलं हँडल.

मेडशीला गेलो. रस्त्यालगत दोन खोल्यांचं घर, बाजूला बंद पडलेलं सायकल दुरुस्तीचं दुकान. विकणारी पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती, निलोफर. दाराजवळच्या खाटेवर तिचे वडील युसूफभाई. वर्षभरापूर्वी त्यांना लकवा झाला होता, डावी बाजू गेली होती. बोलता येत नव्हतं. डोळे मात्र सगळीकडे फिरत होते.

"काका, फोटोत होती तशीच हाय. चाकं फिरवून पाहा."

मी एका बोटावर सायकल उचलून पाहिली. चाकं फिरवली. "मागचं चाक लचकते."

"थोडंसं. स्पोक कसले का नीट होते."

"तुले काय मालूम?"

"मीच चालवत होती ना सहा साल. कॉलेजच्या रेसमधी."

"मंग इकून काहून राह्यली?"

तिनं हनुवटीनं खाटेकडे दाखवलं. "आता टाइम कुठं हाय?"

"ब्रेकचे रबर संपले. हँडलची टेप फाटली. अन् चेन तं माह्या सासूच्या बोलन्यावानी झाली, लांबतच चालली."

ती हसली. "सासूले सांगू का?"

"सांग. तिले ऐकू येत नाई आता."

तासभर घासाघीस चालली. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो. उठून जाणं हा माझा जुना डाव आहे, माणूस हाक मारतोच. या पोरीनं दोन्ही वेळा हाक मारली नाही. मीच परत येऊन बसलो. शेवटी एका किमतीवर दोघंही सारखेच नाराज झालो, म्हणजे सौदा बरोबर झाला.

तेवढ्यात ती खाली वाकली आणि सीटखालच्या नळीला हात घातला. तिथे सुती दोराचा एक वेढा घट्ट बांधलेला होता. मूठ जाईल एवढा. जुना, मळलेला, पिळदार.

"हे तेवढं काढून घेऊ द्या, काका."

"काहून?"

"दावं हाय ते. आमचे आजोबा बैलांचा धंदा करत. जनावर इकलं तरी दावं घरीच ठेवाव, घेनाऱ्यानं आपलं नवं आनाव."

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. आमच्या आईनं गाय विकली तेव्हा तिच्या गळ्यातलं दावं सोडून खुंटीला टांगलं होतं. पण ज्या वस्तूवर विकणारा अडतो तिच्यातच काहीतरी असतं, हा माझा तीस वर्षांचा हिशेब. दोराखाली फ्रेमला चीर लपवली असेल म्हणून मी दोर सरकवून पाहिला. चीर नव्हती. मग तर मी आणखी तापलो.

"हा बैल हाय का? शेन टाकते का हा?"

"बैल नाई, पन अब्बा हेच धरून मांगं पळत होते माह्या. मंग मोठी झाली तं मेडशीच्या चढावर—"

"फोटोत जे दिसते ते सगळं माह्यं. दोर काढाचा असन तं सायकल बी ठेव."

मी तिला बोलू दिलं नाही. हे मी नंतर खूपदा आठवलंय.

तेव्हा युसूफभाईंनी चांगल्या हातानं खाटेच्या काठावर जोरात थाप मारली. बाजारात सौदा पक्का झाला की हातावर हात मारतात. बैलवाल्याचा मुलगा, त्याला हे माहीत असणारच. मी म्हटलं, "पाहा, तुह्या बापानं टाळी देल्ली."

त्यांनी पुन्हा थाप मारली. आणखी जोरात. निलोफरनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दमल्यासारखी म्हणाली, "घेऊन जा, काका."

पहिले पंधरा दिवस गावाभोवतीच फिरलो. पाठ दुखायची, मनगटं दुखायची. मग एक दिवस ठरवलं, मेडशीपर्यंत जायचं आणि स्टँडवर चहा पिऊन परत यायचं. मेडशी यायच्या आधी एक लांब चढ आहे. पिकअपमध्ये तो मला कधी जाणवलाच नव्हता. सायकलवर तो संपत नाही.

सकाळचे सात वाजले होते. स्वच्छ ऊन, दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्याधमक फुललेल्या. धुकं नव्हतं, अंधार नव्हता, भास व्हावा असं काहीच नव्हतं. चढाच्या पहिल्या भागातच माझा दम संपला. आता उतरावं, असा विचार केला...

आणि पाठीवर हात पडला.

कमरेच्या जरा वर, सपाट, पूर्ण पंजा. धक्का नाही. दाबत, सावकाश, पण थांबू न देता पुढे नेणारा. मी ओरडलो, "अबे, कोन हाय?" मान वळवली. रस्ता रिकामा. लांबवर एक एसटी खाली उतरत होती, एवढंच. हात तसाच. सायकल चढतच होती. मी पायडल मारत होतो, पण ते मारणं नावाला होतं.

चढ संपला तसा हात सुटला. सुटतानासुद्धा एकदम नाही... बोटांच्या टोकांनी जरा पुढे लोटून.

स्टँडवर दोन चहा प्यायलो. मोबाईलच्या सायकलिंग ॲपमध्ये पाहिलं. सपाट रस्त्यावर माझा जो वेग होता जवळपास तोच चढावर होता. मी स्वतःला सांगितलं — वारा असेल. मोबाईल चुकला असेल.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. पुन्हा हात.

घरी आलो तर बायको, सुनंदा, माझा टी-शर्ट धुवायला टाकताना थांबली. "हे काय हो? सगळा शर्ट घामानं चिंब अन् इतकीच जागा कोरडी. या जागेले घाम येत नाई का तुमाले?" मी पाहिलं. पंजाएवढी जागा कोरडी होती. आकार नीट नव्हता, पण उजव्या अंगाला अंगठ्यासारखं एक टोक निघालेलं.

मी व्यापारी माणूस. मागून पाठीला पंजा लावला आणि अंगठा उजवीकडे आला तर तो डावा हात. म्हणजे लावणारा माझ्या उजवीकडे, गाड्यांच्या बाजूला. हा हिशेब मी उभ्याउभ्या केला आणि सुनंदाला म्हटलं, "कपडा हलका हाय. बदलून आनतो."

मग मी तपासण्या केल्या. जुनी लोखंडी सायकल घेऊन त्याच चढावर गेलो. अर्ध्यात उतरलो, कोणी आलं नाही. रोड बाईक घेऊन वाशीमच्या बाजूच्या चढावर गेलो. तिथेही नाही. हीच सायकल आणि हाच चढ, दोन्ही असले तरच.

भीती वाटली का, असं मित्र विचारतात. नाही वाटली. खरं ते सांगतो, मला बरं वाटायला लागलं होतं. रिसोडच्या बाजारात ओझं लादलेली सायकल मी वर्षानुवर्षं ओढली. दुकान टाकलं तेव्हा नातेवाइकांनी तोंड फिरवलं. कोणी मागून जोर लावला नाही, ही गोष्ट मी आयुष्यभर लोकांना सुनावत आलोय. आणि आता, न मागता, न घासाघीस करता, कोणीतरी लावत होतं. आठवड्यातून चार-पाच दिवस मी त्या चढासाठी उठायला लागलो. साखर उतरली. डॉक्टर खूष.

असा दीड महिना गेला. एक दिवस स्टँडवर चहा पीत होतो तर निलोफर दुधाची पिशवी घेऊन जाताना दिसली. मला पाहून थांबली.

"काका, एक इचारू? रागावसान?"

"रागावल्याबिगर मले बोलता येतच नाई. इचार."

"तुमी कोनत्या कोनत्या दिवशी येता इकडं?"

"काहून?"

"सांगा ना."

मी ॲप उघडलं. तिनं तिच्या मोबाईलमध्ये घरच्या कॅलेंडरचा फोटो काढून आणला होता. काही तारखांवर पेनानं गोल केले होते.

"या दिवशी अब्बाचा हात उठते. डावा. सकाळी सात-सव्वासातले. कोपर सरय होते, पंजा उघडा, असा..." तिनं दुधाची पिशवी खाली ठेवली आणि हवेत हात धरला. पंजा पुढे, अंगठा उजवीकडे. "कपाय घामानं भिजते त्यायचं. दात दाबून राह्यते. मंग हात पडते तो दिवसभर ओल्या फडक्यावानी. व्यायाम घेनारे सर म्हनते, बोटं हालाले लागले होते, आता काय झालं?"

"आजारी मानसाले झटके येत असतीन."

"मी बी तेच म्हनलं. पन ज्या दिवशी गोल नाई ना काका, त्या दिवशी ते कप धरते. त्याच हातानं."

मी तारखा लावल्या. एकेक. माझा स्वभाव असा की समोरच्याच्या हिशेबात एक तरी चूक सापडतेच. त्या दिवशी सापडली नाही.

मग मी चिडलो. दुसरं काही येत नाही म्हणून चिडलो. "अवं, मंग घेतानाच सांगाले काय झालं होतं?"

"सांगत होती ना मी! तुमी बोलू देल्लं का?"

चहावाला आमच्याकडे बघायला लागला. तिनं आवाज खाली केला आणि तेव्हाचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. ती लहान होती तेव्हा युसूफभाई तिच्या छोट्या सायकलच्या सीटखाली हाच दोर बांधून, तो धरून मागे पळायचे. रेसची तयारी सुरू झाली तेव्हा ते आपल्या जुन्या सायकलवर तिच्या उजवीकडून चालायचे, ट्रकच्या बाजूला, आणि डाव्या हातानं तिला याच चढावर लावून धरायचे. रोज सकाळी. सहा वर्षं.

"अन् ती टाळी नव्हती, काका. ते नाई म्हनत होते. तुमी टाळी म्हनलं, अन् मले बी पैशाची गरज होती, म्हनून मी बी टाळीच समजली."

मी ॲप बंद केलं आणि मोबाईल खिशात टाकला.

"मी परत मागून नाई राह्यली. सौदा झाला तो झाला. फक्त तुमी दुसऱ्या रस्त्यानं जात जा."

मी हो म्हटलं. चार दिवस वाशीमच्या रस्त्याला गेलो.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण अर्धं सांगितलं तर मग सांगण्यात अर्थ काय. पाचव्या दिवशी मी पुन्हा मेडशीच्या चढावर गेलो. सगळं माहीत असताना गेलो. आदल्या दिवशी दुकानात एका जुन्या गिऱ्हाइकाशी भांडण झालं होतं, नीट झोप नव्हती, अंग जड होतं. मनाशी म्हटलं, एकदाच. हे सगळं खोटं असेल तर कोणाचं काही जात नाही. आणि खरं असेल तर... तर एकदाच.

हात आला. थरथरत होता. जरा दाबायचा, घसरायचा, पुन्हा यायचा. बोटं पाठीवर शोधत असल्यासारखी फिरायची आणि पुन्हा जोर लावायची. मला उतरता आलं असतं. पाय जमिनीवर टेकवायला किती वेळ लागतो? मी उतरलो नाही. वरपर्यंत गेलो. वर पोचलो तसा तो हात पाठीवरून गळून पडला. या वेळी पुढे लोटणं नाही, काही नाही.

मी रस्त्याच्या कडेला बसलो. मग सायकल आडवी करून दावं सोडायला घेतलं. गाठ बसलेली होती. खिशात चाकू होता, पण कापावंसं वाटलं नाही. दातांनी सोडवली.

निलोफरनं दार उघडलं आणि तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. आत युसूफभाईंचा डावा हात खाटेखाली लोंबत होता, तो उचलून वर ठेवायचंही तिला अजून जमलं नव्हतं. मी दावं पुढे केलं. युसूफभाईंनी चांगल्या हातानं घेतलं आणि छातीवर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

माफी मागायची मला सवय नाही. मी म्हटलं, "सायकल घेऊन जातो परत, की ठेवू इथंच?"

"तुमची हाय," निलोफर म्हणाली. "तुमीच चालवा. चहा घेता का?"

"नाई. चेन बदलली मी. आता चांगली चालते."

"बरं केलं," ती म्हणाली.

त्यानंतर हात कधीच आला नाही. सायकल तीच, चढ तोच. मी मुद्दाम गेलो नाही, असंही नाही. निलोफरनंच फोन करून सांगितलं होतं, "या आता, काका, काही होत नाई." गेलो. काही झालं नाही.

होळीच्या सुमारास त्यांच्या घरावरून जाताना युसूफभाई बाहेर खुर्चीत बसलेले दिसले. डाव्या हातात कप होता. हलत होता, पण होता. निलोफर म्हणाली, आता थोडं बोलतातही. व्यायाम घेणारे सर म्हणतात, या आजारात असं मध्येच मागे पडतं आणि मग सुधारतं, यात नवल काही नाही. असेल. ते शिकलेले आहेत.

मी सायकल भिंतीला टेकवली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. दोन-अडीच महिने मनात घोळवलेलं बोलायचं होतं. म्हटलं, "युसूफभाई, तुमी मले चढवलं. दीड महिना. मी... मले मालूम नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे.

"कौन है ये?"

"अब्बा, ते नाई का, सायकलवाले काका. आपली सायकल घेतली त्यायनं."

"अच्छा." एकेक शब्द ओढून आणत होते. "मैं... किधर चढाया? मैं तो... खाट पे था."

त्यांना काहीच आठवत नव्हतं. हात ताठ व्हायचा, घाम यायचा, तेही नाही. सौदा झालेला तेवढा आठवत होता, आणि तोही अर्धा. मला राग यायला हवा होता. आला नाही, एवढंच सांगतो. त्या हातानं ज्याला लावून धरलं तो मी नव्हतोच, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

मी निघालो. सायकल वळवली तसा त्यांनी आवाज दिला. "ओ भाई." बोट मागच्या चाकाकडे होतं. चेन कुठल्या दात्यावर आहे ते त्यांनी तेवढ्या अंतरावरून पाहिलं होतं.

"गियर... हलका रखो. चढ के पहले से. दम टूटने के बाद... कुछ नहीं होता."

"हव," मी म्हटलं.

यावर तुमच्यापैकी कोणी काही सुचवणार असेल तर सुचवा. वारा, मनाचे खेळ, मज्जातंतू, योगायोग... सगळं ऐकून झालंय, आणि त्यातलं काहीच त्या तारखांना लागू पडत नाही. उत्तर शोधायची ताकद आता उरलेली नाही.

चढाच्या पायथ्याशीच मी गिअर हलका करतो. तरी अर्ध्यात दम जातो. मग उतरतो, आणि उरलेला चढ सायकल हातात धरून, रस्त्याच्या कडेकडेनं चालत जातो.